हिरव्या मुठीची छत्री

गिरणी बंद पडल्यापासून घरीच असलेल्या अण्णांनी सुलक्षणाला मुलुंडच्या कलाविद्यालयात लेखन शिकायला पाठवलं, ते थोरला भाऊ जयवंत शेजारी बसेल या अटीवर. जयवंत निष्ठेने जांभया देई. त्या दिवशी सर वर्गातल्याच कुणाचीतरी निनावी कथा वाचत होते. कथेतली मुलगी हिरव्या मुठीची छत्री घेऊन परजातीतल्या मुलाला भेटते. भाऊ घरी सांगतो आणि तिचं शिक्षण सुटतं. सुलक्षणाने नावं बदलली होती, छत्री बदलायची राहिली. ती तिच्या मांडीवरच होती. मागे कुजबुज झाली. जयवंतची जांभई अर्ध्यावर थांबली. त्याने छत्री ओढून आपल्या बाकाखाली सरकवली. “कोणाची रे ही कथा?” जयवंत उठला. “माझी, सर.” “तुझी? मुलीचं मन झकास पकडलंस की!” वर्ग खिदळला. बाहेर त्याने छत्री परत दिली. “शेवट चुकलाय गं तुझा. भाऊ घरी सांगत नाही.”