स्टेशन रोडचं नवं नाव

"स्टेशन रोडला सोड रे बाबा," अनसूयाबाई रिक्षात बसत म्हणाल्या.

रिक्षावाल्यानं किल्लीला हातही लावला नाही. "मावशी, परवाच तिथं नवी पाटी लागली. आता नवं नाव सांगा, तरच रिक्षा हलेल. आमच्या स्टँडचा तसा ठरावच आहे."

अनसूयाबाई अवघडल्या. रस्त्याला ढोलकी बनवणाऱ्या वस्तादांचं, म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांचं नाव द्यावं, अशी गावाची मागणी होती. संमतीपत्रावर त्यांनीच हौसेनं सही केली होती. पण लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलंच नव्हतं, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"कळलं ना तुला? मग चल की."

"मला कळून काय उपयोग? या माणसाच्या ढोलकीमुळे लोक आपल्या गावाला ओळखतात. आपणच नाव घेतलं नाही, तर पाटी नुसती लटकत राहील."

अनसूयाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "मल्हारी वस्ताद मार्ग," त्या पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं, मावशी."

मग त्यांनी अशा खणखणीत आवाजात सांगितलं, की स्टँडवरच्या साऱ्यांनी माना वळवल्या आणि सत्तरीच्या अनसूयाबाई चक्क लाजल्या.