काशिरामचे खुंट

"पोरींना खुंट नाय. लिव," सोनाबाई म्हणाली आणि हातातल्या कोळंबीचं डोकं मोडून टाकलं.

प्रांजलनं लिहिलं नाही. "आणि मुलगाच नसला तर?"

"नसला तर मंजे? माझा पोरगा जिता हाय!"

"आपल्या घरचं नाही विचारत आये. वाडीची रीत विचारतेय."

"मंग भावकीतल्या पोराला जातील. पन पोरीला नाय मंजे नाय. पोरगी लगीन करून दुसऱ्याच्या चुलीशी जाते, खाडी काय तिच्या पाठवणीत द्यायची? आता लिव, नायतर ऊठ आनि माझ्याबरोबर सोलायला बस."

प्रांजलनं लिहिलं.

पनवेलच्या त्या कोळीवाड्यातून एम.एस्सी.ला गेलेली ती पहिली मुलगी. विषय नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन. सोनाबाईला ते नाव घेता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं घेतलं नसतं. "आमची खाडी मॅनेज करतेय," ती मासळीबाजारात पाटीपुढं बसून बायांना सांगायची. "नवरा काय मॅनेज झाला नाय." प्रांजल सासर सोडून परत आली होती, त्याचा हा रोजचा आहेर.

पदवीसाठी प्रांजल खाडीचा नकाशा करत होती. कुणाचे खुंट कुठं, आणि ते कुणाकडून कुणाकडं आले. खुंट म्हणजे पाण्यात रोवलेले लाकडाचे खांब. त्यांना डोल जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीनं मासळी आत येते. ज्या घराचा खुंट, त्याच घरानं तिथं जाळं लावायचं. हे सगळं आजवर तोंडी चाललेलं. मग खाडीवर पूल आले, भराव पडले, जागा आखडल्या आणि भांडणं वाढली. म्हणून पंचांनी ठरवलं, प्रांजल नकाशा करतेच आहे तर त्यावर सगळ्यांदेखत नावं घालायची. पुढं तीच मानायची.

काशिरामचे खुंट वाडीत सगळ्यात चांगले. खोल पाणी, तळाला खडक नाही. नवरा वारल्यापासून सोनाबाईनं त्यांना घराबाहेरच्या कुणाला हात लावू दिला नव्हता. होडी घेऊन तिथं जायची ती प्रांजल. तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते, आणि कॉलेजला जाताना ती हात लिंबानं घासून जायची.

तिचा भाऊ शैलेश बंदरात नोकरीला. करंजाड्यात फ्लॅट. होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी येई, आणि त्याच्या बायकोला सुकटीचा वाससुद्धा खपत नव्हता. तरी नकाशावर नाव लागणार ते शैलेशचंच, हे सोनाबाईनं कधीच ठरवून टाकलं होतं.

"मला नको गं आये," शैलेश जेवता जेवता म्हणाला. "मी काय करू त्याचं? ताईला दे ना. तीच जाते."

"तू नुसतं नाव लाव. डोल तीच लावंल. तिला दुसरं हाय कोन?"

प्रांजल तिथंच भाकरी वाढत होती. तिनं एक भाकरी भावाच्या ताटात ठेवली, एक आईच्या, आणि टोपली उचलून आत गेली.

कॉलेजात तिच्या गाईड रुथ मॅडमनी तिला आधीच बजावलं होतं. "घरच्या माणसांशी वाद घालायचा नाही. ते सांगतील ते लिहायचं. पण एकदा रीत लिहिली की ती सगळ्या घरांना सारखी लावायची. स्वतःच्या घरालासुद्धा."

"हो मॅडम," प्रांजल म्हणाली होती.

रविवारी सकाळी देवळापुढं वाडी जमली. पंच सतरंजीवर, रुथ मॅडम खुर्चीवर. सोनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं बसली. शैलेशला तिनं सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठवून आणवलं होतं.

"आधी रीत काय ते ठरू द्या," गुरुदत्त पंच म्हणाले. "जुन्या माणसांनी सांगावं."

सोनाबाई उठली. तिच्याआधी उठायची कुणाची छाती नव्हती.

"बापाचे खुंट पोराला. पोरगा नसंल तर भावकीतल्या पोराला. पोरीला नाय. कुनी चार बुकं शिकलं मनून रीत बदलत नाय." शेवटचं वाक्य तिनं प्रांजलकडं बघून म्हटलं.

बायांनी माना खाली घातल्या. पुरुषांनी डोलावल्या. सगळ्यात आधी मान डोलावणारा होता आनंदा. त्याचे खुंट काशिरामच्या खुंटांना लागून होते, आणि सोनाबाईशी त्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. असल्या माणसालाही आपलं म्हणणं पटलं, हे बघून सोनाबाईला फार बरं वाटलं. तिनं पदर सारखा केला.

"कुणाची हरकत?" पंचांनी विचारलं.

कुणाची नव्हती.

"प्रांजल, तुझी?"

"नाही काका. पण रीत सगळ्यांना एकच ना?"

"एकच. देवळापुढं ठरलेली."

एकेक घर पुढं येऊ लागलं. प्रांजल प्रत्येकाला तेच विचारायची, खुंट मूळ कुणाचे, त्याला मुलं किती, आणि उत्तर ऐकून नाव घालायची. मग काशिरामच्या खुंटांची पाळी आली. सोनाबाईनं शैलेशला कोपरानं ढोसलं.

"ऊठ. नाव सांग तुझं."

शैलेश उठला. प्रांजलनं नकाशावरून मान वर केली, पण भावाकडं बघितलं नाही. आवाज सगळ्यांना विचारत होती तोच.

"आये, काशिराम तुझा बाप, बाबा घरजावई. तुला भाऊ होता का?"

सोनाबाई तोंड उघडायच्या आत मागं तिचा चुलतभाऊ आनंदा उठून उभा राहिला.