घरचं वंगण

“उतर खाली. तुझ्यापायी आज पैसं मोडायची पाळी आली,” काळूराम म्हणाला आणि त्याने बैल सोडले.

त्याची बायको ठमा गाडीची कड धरून हळूहळू उतरली. वैद्याने नुकताच लेप बांधून दिला होता, तरी कंबर सरळ होईना. कल्याणच्या गाडीतळावर सकाळची झुंबड होती. आगगाडीने आलेला माल गावोगाव न्यायला गाड्या लागल्या होत्या. त्यांच्यात काळूरामची गाडी मानपाड्यापासून सारा रस्ता केकाटत आली होती, कारण तिची चाकं कोरडी पडली होती. वंगण घालायचा दिवस कालचा. आणि नेमकी कालच ठमाची कंबर धरली. वैद्याला द्यायचे ते काळूरामने मुकाट्याने दिले, पण वंगणासाठी कनवटीला हात घालणं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

गोविंदा तळावर वंगण घालून द्यायचा. आसावरून चाक उतरवायचं, जुना चिकटा पुसायचा, एरंडेलात खललेली काजळी थापायची, की चाक पुन्हा जागच्या जागी. बहुतेक गाडीवाले त्याच्याकडेच यायचे. काळूराम मात्र जाताजाता त्यांना हसायचा. “हात मोडलं काय रं तुमचं? आमचा घरचा काम हाय,” असं म्हणून मिशीवरून हात फिरवायचा. मिशी तशी बेताचीच होती, पण ते असो.

घरचं काम म्हणजे काय, ते ठमाला ठाऊक होतं. रिकाम्या गाडीखाली ओणवं व्हायचं, आसाला पाठ लावायची आणि गाडीची एक बाजू उचलून धरायची. काळूराम चाक काढणार, निवांत पुसणार, मधेच बोटात कुसळ गेलं तर ते काढत बसणार. तोवर गाडी ठमाच्या पाठीवर. मग दुसरी बाजू. लग्न होऊन आली तेव्हापासून हे चाललं होतं. पोटात पोर असतानाही तिने गाडी धरली. त्यातलं एक पोर पोटातच गेलं. असं होतं कधीकधी, असं शेजारच्या बाया म्हणाल्या. गाडीचं नाव कुणी काढलं नाही, आणि ठमाच्याही मनात ते आलं नाही.

आज ती पहिल्यांदाच गोविंदाचं काम बघत होती. दगडावर टेकून ती इकडेतिकडे पाहू लागली. याची बायको कुठे दिसेना, भाऊ दिसेना. गाडी कोण धरणार? जी कोण बिचारी वाकेल, तिची ठमाला आधीच कीव आली.

कुणी आलंच नाही. गोविंदाने एक लांब दांडा आसाखाली सारला आणि त्याच्या टोकावर अंग टाकलं. गाडीची बाजू वर उचलली गेली. मग त्याने पायानेच बाभळीचा एक ओंडका आसाखाली सरकवला आणि दांडा काढून घेतला. गाडी तशीच उभी राहिली. गोविंदा काहीतरी गुणगुणत चाक काढायला बसला.

“दादा,” ठमाने विचारलं, “ह्यो ओंडका केवढ्याला मिलतो?”

गोविंदा हसायलाच लागला. “इकत कोन घेतो, वयनी? रानात पडलेला असतो.”

ठमा ओंडक्याकडे बघत राहिली. तो कुणी तासलेला नव्हता की रंगवलेला नव्हता. साल निघालेला, वाळवीने एका बाजूने थोडा खाल्लेला, अगदी साधा ओंडका होता. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

परतीच्या वाटेवर चाकं गप्प होती. दोन्ही अंगांना बाभळी होत्या आणि त्यांच्या बुंध्याशी वाळकी लाकडं पडली होती. इतकी वर्षं याच वाटेने जाऊनही ती ठमाने नीट पाहिली नव्हती. तिला एकाच गोष्टीची आशा होती. काळूरामलाही हे आजच कळलं असेल. तसं असेल तर राग धरण्यासारखं काही नव्हतं. दोघंही सारखीच अडाणी, एवढंच.

“अवो,” ती म्हणाली, “लाकूड लावून गाडी उभी ऱ्हाते, ह्या तुमाला ठावं व्हता?”

“ठावं नसाय काय झाला?” काळूराम पुढे बघतच म्हणाला. “आमचा बा लाकूडच लावायचा. एक दिस लाकूड घसरला, नि बाचा पाय गाडीखाली चेचला. जलमभर लंगडला. लाकडाचा काय भरवसा गो? तू कवा घसरली नायस.”

लग्न झाल्यापासून त्याने तिला असं चांगलं म्हटलेलं हे पहिल्यांदाच. तेही तोंडदेखलं नव्हे, अगदी मनापासून. ठमाच्या पाठीत एक कळ आली, ती गेली, पुन्हा आली. तेवढ्यात काळूरामने बैलांना चुचकारलं आणि मागे वळून मायेनेच विचारलं, “पुढच्या वंगणाच्या खेपंपावत येल ना कंबर ठिकान्यावर?”

ठमाला राग आला नव्हता. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

“कंबर येल,” ती म्हणाली. “पन आता मी घसरंन.”