आता आराम करा

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी माझी बायको जिन्यावरून पडली आणि पुन्हा बोललीच नाही. श्वास मशीनवर होता. तिला काही कळतंय का हे बघायला, मेंदूतली हालचाल दाखवणाऱ्या यंत्रात तिला ठेवलं. कानात आलटून पालटून दोनच सूचना होत्या: "मनातल्या मनात घरभर फिरा" आणि "आता आराम करा." दोन्ही वेळच्या चित्रांत फरक दिसला, तर तिला कळतंय. आमचा जीव टांगणीला लागला होता.

तपासणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, फिरा म्हटलं काय नि आराम करा म्हटलं काय, चित्र एकच येतंय. त्यांच्यापर्यंत काही पोचत नाहीये."

"अजून एकदा बघा ना, बाई," मी हात जोडले. त्यांनी बघितलं. तेच आलं. मशीन काढायला मी हो म्हणालो.

घरी आल्यावर मी उगाच भांडी आवरायला उठलो, तशी सून रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, आराम करा म्हटलं ना! तुम्ही पण आईंसारखेच. आराम करा म्हटलं की डोळे मिटून पडायच्या, पण मन घरभर फिरत असायचं. गॅस बंद आहे का, मागचं दार लावलं का..."



मी हो म्हटल्यावर, त्याच दुपारी माझी बायको गेली होती.