उभं यंत्र

"सध्या काहीच नाही," चिंतामणी म्हणाला.

मुलीच्या वडिलांनी, कुशाबांनी, त्याला विचारलं होतं, तुमच्या पॉवर स्टेशनात रोज किती वीज बनते. लालबागच्या चाळीतली खोली, मुलगी बघायचा कार्यक्रम, पुढ्यात शिऱ्याच्या बश्या, आणि पोरगं सांगतंय, काहीच नाही. शिवाला वाटलं, असंच उठावं आणि जिना उतरावा. चिंचपोकळीपासून त्याने आपल्या मुलाला पढवत आणलं होतं. नुसतं ‘वीज बनवतो’ म्हण, बाकीचं पुराण नको.

चिंतामणीने पुराण लावलंच. स्टेशन खाडीपलीकडे, गॅसवर चालणारं. कोळशाचं थंड पडलं की पुन्हा तापायला फार वेळ घेतं. गॅसचं यंत्र बटण दाबल्यावर थोड्या वेळात वीज देतं. संध्याकाळी सगळा देश एकदम दिवे लावतो, तेव्हा असली यंत्रं हाताशी लागतात. पण समुद्रातला गॅस आटत चाललाय, आहे तो आधी खतांच्या कारखान्यांना जातो, आणि बाहेरून आणलेला इतका महाग की त्याची वीज कोणी घेत नाही. म्हणून यंत्र उभं आहे.

"मग तुम्ही तिकडे जाऊन करता काय?"

"यंत्र जपतो. आतला शाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब दांडा, एकाच जागी पडून राहिला तर वाकतो. तो हळूहळू फिरवत ठेवावा लागतो."

शिवाने कपाळावरचा घाम पुसला. हे तरी सांगायची काय गरज होती?

कुशाबा आणि शिवा एकाच मिलमधले. कुशाबा साच्यावर कापड विणायचे, शिवा सूतखात्यात. दोघंही संपावर गेले आणि दोघांनाही ते गेट पुन्हा दिसलं ते बाहेरूनच. कुशाबांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की मुलीच्या आईची उमेद बंद गेटकडे बघण्यात गेली. मुलीला ते नको.

शिवाला राग आला होता मुलाचा, निघाला कुशाबांवर. "बंद नाय ते. तयार ठेवलंय. वरून ऑर्डर आली की चालू."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, हे वाक्य आपलं नव्हे. संप फिसकटल्यावर मिलचा टाइमकीपर गेटच्या आतून असंच सांगायचा, आणि शिवा त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा.

"आपले साचेपण तयारच होते, शिवाभाऊ," कुशाबा म्हणाले.

आता उठायचंच, असं ठरवून शिवाने चपलांकडे पाहिलं. तेवढ्यात दाराशी बसलेली मुलगी, सुनेत्रा, बोलली. इतका वेळ तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"शेवटचं कधी चाललं?" तिने सरळ चिंतामणीला विचारलं.

"या उन्हाळ्यात. उत्तरेकडचं एक मोठं पॉवर स्टेशन अचानक बंद पडलं. तेव्हा आम्हाला बोलावणं आलं."

"आणि चाललं?"

"चाललं की. रात्रभर."

सुनेत्रा वडिलांकडे वळली. "बाबा, संपानंतर तुम्हाला मिलमधून कधी बोलावणं आलं होतं?"

कुशाबांनी नकारार्थी मान हलवली. शिवाने चपलांवरची नजर काढून घेतली. सुनेत्राची आई मंजुळाबाई स्टोव्हकडे गेल्या आणि त्यांनी पुन्हा चहा टाकला. कोणी नको म्हणालं नाही.