इलेक्टाचे धोटे

"इलेक्टाचे धोटे माझ्या बहिणीला नकोत!" लव्हिना मुकादमाच्या कानाशी ओरडली.

"मग काय तिच्याबरोबर पुरायचे होते?" पेटेन्गिल मुकादम हसला. "तिचे माग आता तुझ्या अल्मेडाचे. कामाला लाव पोरीला."

मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घालायची, नेढ्याला ओठ लावायचे आणि श्वास ओढून सूत बाहेर काढायचं. बायका याला धोट्याचा मुका म्हणत. पूर्वी एकेकीकडे दोन माग असत. मेरिमॅक नदीवर गिरणीची मोठी चाकं बसली, माग फिरवणारे पट्टे वाऱ्यासारखे धावू लागले आणि एकेकीच्या गळ्यात सहा माग आले. अर्ध्या अमेरिकेच्या अंगावर इथलं कापड चढलं. मुकेही तेवढेच वाढले. इलेक्टा रविवारी मातीआड गेली. तिच्याआधी हेच धोटे वापरणारी प्रुडन्सही खोकून खोकूनच गेली होती. डॉक्टर म्हणे, हवा बदला. बायका म्हणत, धोटे बदला.

लव्हिनाने बदलले. मुकादमाची पाठ वळताच तिने आपले सगळे धोटे अल्मेडाला दिले आणि इलेक्टाचे स्वतः घेतले. व्हरमाँटच्या शेतावरून धाकटीला आईकडून मागून आणलं होतं ते तिनेच. जे व्हायचं ते आपलं होऊ दे. तिने डोळे मिटून पहिला मुका घेतला. सूत आलं.

दुपारी घंटा झाली, पट्टे थांबले. मागांच्या खडखडाटात स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. म्हणून या घटकेला सगळ्या बायका श्वास धरून कान देत. शांततेत जिला पहिला खोकला आवरत नाही, तिच्या शेजारी मग कोणी जेवायला बसत नसे.

खोकला आला. खोल, ओला. एका सकाळचा नव्हे, बऱ्याच दिवसांचा.

सगळ्या माना वळल्या. लव्हिनाही कोण म्हणून मागे बघू लागली. मागे नुसती भिंत होती. मग तिला तोंडात रक्ताची चव लागली. इतके दिवस ती घशातल्या खवखवीला कापसाची भुकटी म्हणत आली होती.

"ताई," अल्मेडा ओठांवरचा धागा पुसत हसली, "तुझे धोटे किती गुणी गं! सकाळपासून मुके घेतेय, पहिल्याच श्वासाला सूत येतं."