बिचारी

लेक परदेशातल्या एका किनाऱ्यावर समुद्री कासवांचा अभ्यास करायला गेली आणि फोनवर तिला दुसरा विषयच उरला नाही.

"आई, काल एक कासवीण आली. वाळूत खड्डा केला, अंडी घातली, वर वाळू लोटली आणि निघाली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बिचारी इतकी दमली होती गं! जाताना तिला त्रास नको म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बाजूला उभे होतो."

'बिचारी' ऐकून आईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेक चार वर्षांची असताना दूरच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, म्हणून तिला नणंदेकडे ठेवून ती दोन वर्षं गेली होती. 'तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतंस' हे लेकीने तिला आजवर प्रत्येक भांडणात ऐकवलं होतं. आणि या कवचातल्या बाईसाहेबांना मात्र सगळं माफ!

"पोरं टाकून गेली, तिचा राग नाही आला तुला?" आईने फणकाऱ्याने विचारलं.

"राग कसला? ती काय हौसेने जाते का?" लेक म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तू गेलीस तेव्हा माझ्याजवळ आत्या होतीच ना? तशी या अंड्यांजवळ मी आहे."





कासविणीचा हेवा तिथल्या तिथे विरला. नणंदेचा मात्र, इतक्या वर्षांनी, नव्याने सुरू झाला.